खातं बंद करण्याचं कारण

"काका, या महिन्यात एकशे बारा खाती बंद झाली," इंजिनिअर मुलीनं फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "सगळे त्या कुलूपवाल्या कंपनीकडे पळतायत."

काकांनी मान वर केली नाही. या ईमेल कंपनीच्या तक्रार विभागात त्यांची बावीस वर्षं गेली होती. पाठ आखडली होती, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढत होता. आणि गिऱ्हाईक एकदा निघालं की ब्रह्मदेव आला तरी ते थांबत नाही, हे त्यांना केव्हाच कळून चुकलं होतं.

"जाऊ देत. फॉर्मवर कारण लिहितात ना? ते रजिस्टरात उतरवायचं, झालं."

"कारण मी सांगते ना. तिकडे मेल निघतानाच कुलूपबंद होतो. किल्ली फक्त ज्याला पाठवला त्याच्याकडे. कंपनी नुसती हमाल. आणि आपल्याकडे? या खोलीतला कोणीही उठून कोणाचीही पेटी उघडू शकतो."

"तक्रार सोडवायची तर उघडावीच लागते, बाई. लोकांची रडगाणी वाचत बसायला वेळ कोणाला आहे?"

मुलीनं कपाळावर हात मारला. तिचा कुलपांचा प्रस्ताव वर्षभर साहेबांकडे धूळ खात होता. साहेबांनी दोनदा काकांचं मत मागवलं, काकांनी दोन्ही वेळा 'गरज नाही' असं लिहून दिलं. म्हातारा हट्टी आहे, एवढंच तिच्या लक्षात आलं होतं. पण त्यांचा ओढलेला चेहरा पाहून तिचा राग ओसरला.

"लेकीचं काही कळलं?"

"नाही. तीन आठवडे झाले."

लेकीची कथा सगळ्या मजल्याला पाठ होती. ती दूरच्या गावी शाळेत शिकवायची. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे खाली गेले की काका तिची पत्रं वाचत बसायचे. पत्रं असायची आईला. कोणी त्यावरून चिडवलं तर काका म्हणायचे, "आईला लिहिलं काय नि मला लिहिलं काय!" तिला नोकरी लागली तेव्हा त्यांनी मजल्यावर सगळ्यांना चहा पाजला होता. तिचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा दोन दिवस डबा उघडला नव्हता.

आणि मग ते पत्र आलं. आई, काखेत गाठ लागतेय, दुखत नाही, परीक्षा संपल्या की बघते.

आईनं गरम पाण्याचा शेक सुचवला.  काकांची थोरली बहीण अशीच 'बघते, बघते' म्हणता म्हणता गेली होती. महिनाभर त्यांनी वाट पाहिली. लेक परीक्षेचे पेपर तपासत होती, आई शेकाची आठवण करून देत होती. शेवटी त्यांच्यानं राहवेना. त्यांनी स्वतःच तिला दोन ओळी पाठवल्या: 'गाठ अंगावर काढू नकोस. उद्याच्या उद्या मोठ्या डॉक्टरांना दाखव.' खाली सही केली नाही. दोघांत बोलणं असं कधी नव्हतंच, मग सही करून काय उपयोग?

त्यानंतर सगळं चिडीचूप. काकांना उत्तर नाही, आईलाही पत्र नाही.

"फोन करा ना," इंजिनिअर मुलगी म्हणाली. "अबोला कसला धरून बसलाय? बाप आहात तुम्ही."

"तिला आवडायचं नाही."

"न आवडू दे. निदान ती बरी आहे की नाही ते तरी कळेल."

काकांनी पेन उचललं. मुलगी थोडा वेळ घुटमळली आणि आपल्या जागेवर गेली.

त्यांनी गठ्ठा पुढे ओढला. पहिल्या फॉर्मवर कारण होतं, जाहिराती फार येतात. दुसऱ्यावर, पासवर्ड आठवत नाही. तिसऱ्यावर नुसतीच शिवी. काकांनी ती 'सेवेबद्दल नाराजी' म्हणून उतरवली. चौथ्या फॉर्मवरचं नाव पाहून मात्र त्यांचं पेन थांबलं. लेकीचं नाव होतं.

'माझं आणि आईचं, दोन्ही खाती बंद करावीत,' तिनं लिहिलं होतं. 'पंधरा दिवसांपूर्वी माझी गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर हाती काही राहिलं नसतं. आता मी बरी आहे.'

काकांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा लावला. पोर वाचली होती. किती दिवसांनी त्यांना इतकं हलकं वाटत होतं! आता कोणी कितीही खाती बंद करोत. त्यांनी खालच्या ओळींकडे नजर वळवली.

'मी वेळेवर गेले ते एका निनावी मेलमुळे. ज्यानं तो पाठवला त्याचे उपकार आहेत. पण गाठीबद्दल मी फक्त आईला लिहिलं होतं, तिनं कोणालाही सांगितलेलं नाही, आणि माझे वडील मी चार वर्षांची असतानाच वारले. मग आम्हा मायलेकींची पत्रं वाचणारा हा माणूस आहे तरी कोण?'