राखणदाराची जागा

“आज तरी गावले काय गो गवे?” पणतीची वात पुढं सारत प्रभावतीकाकीनं विचारलं.

“ना काकी, आज पण ना.” अश्विनीनं झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून खिशात टाकलं. वनखात्यात लागल्यापासून ती कुणाशी खोटं बोलली नव्हती. काकीशी मात्र रोज बोलावं लागत होतं.

पेडण्यातला हा चौपदरी रस्ता डोंगर कापून गेला आणि गव्यांची पाण्याकडे उतरायची वाट तुटली. मग त्यांच्यासाठी रस्त्याखालून ऐसपैस बोगदा काढला. माणसांना बसस्टॉपवर शेड मिळेना आणि गव्यांना बंगला, असं म्हणून गाव हसलंही. पण गवे काही खालून जाईनात. महिनाअखेरपर्यंत बोगद्यातून जाणाऱ्या एकाही गव्याचा फोटो मिळाला नाही, तर पुढच्या डोंगराखालचा बोगदा रद्द, असं साहेब बजावून गेले होते. म्हणजे तिथंही जनावरं रस्त्यावरूनच जाणार, त्यांच्यासोबत माणसंही मरणार.

काकीचा साईश तसाच गेला होता. तुयेच्या कारखान्यातून बाईकनं घरी येताना समोर गवा आला. एकुलता एक मुलगा. तरी काकीनं गव्याला कधी दोष दिला नाही. “मुक्या जनावराक हायवे काय कळता?” एवढंच म्हणायची.

गावच्या सीमेचा राखणदार, म्हणजे एक उभा दगड, रस्त्याच्या कामात हलवून बोगद्याच्या तोंडाशी बसवला होता. काकीनं त्याच्यापुढं आंगवण केली, नवसच बोलली. गवे खालून जायला लागेपर्यंत रोज तिन्हीसांजेला याच जागी दिवा लावीन, घंटा वाजवीन, पण पुन्हा कुणाचा साईश नेऊ नकोस. हळूहळू सगळी वाडी तिच्यासोबत हात जोडायला येऊ लागली.

आणि कॅमेऱ्यात काय दिसायचं? तिन्हीसांजेला गवे करवंदीच्या जाळीपर्यंत यायचे. घंटा ऐकून कान टवकारायचे, दिवा बघून मागं फिरायचे आणि वर रस्त्यावर चढायचे. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

मुलगा गेलेल्या आईला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? अश्विनी फोंड्याहून बदली होऊन आली, तेव्हा पहिल्या दिवशी तिच्या हातात चहा आणि गरम उंडो पाव ठेवणारी हीच काकी होती. अश्विनीचा जीव तुटायचा.

शेवटी ती देवळात गेली आणि कृष्णनाथ गुरवांना तिनं सगळं सांगितलं.

“राखणदाराला वर फणसाखाली न्यायचं का, असा कौल लावा ना, काका. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार. मग काकी लगेच ऐकेल.”

“आणि डावी पडली तर?”

अश्विनीनं मान खाली घातली. “तुम्ही उजवीच सांगा.”

कृष्णनाथ उखडले. “देवाच्या तोंडात माणसाचो शब्द? माझ्याकडसून व्हायचा नाय! पडात तीच सांगतलंय.”

ते खोटं नव्हतं. सख्ख्या पुतणीचं ठरत आलेलं लग्न डाव्या पाकळीनं मोडलं, तेव्हाही या माणसानं पडलं तेच सांगितलं होतं.

वनखात्याच्या मुलीनं कौल मागितलाय हे गावभर झालं. सोमवारी सगळे देवळाच्या चौकात जमले. आत देवापुढं फक्त कृष्णनाथ, आणि आंगवण तिची म्हणून प्रभावतीकाकी. मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या लावल्या होत्या. बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. अश्विनीचा एरवी देवाधर्मावर फारसा विश्वास नव्हता, पण तिचे हात आपोआप जोडले गेले.

कृष्णनाथ बाहेर आले. चेहरा उतरलेला.

“उजवी,” ते म्हणाले.

अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच दिवशी राखणदार वर फणसाखाली गेला. काकी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं चालली होती. बोगद्याच्या तोंडाशी आता तिन्हीसांजेचा काळोख, दुसरं काही नाही.

आठवडाभरात फोटो मिळाला. बोगद्यातून गवीण चालली होती आणि तिच्या पोटाला चिकटून वासरू. अश्विनी धावत काकीकडे गेली. काकीनं पदरानं फोनची काच पुसून पुन्हा पुन्हा बघितलं.

“बारक्या असा गो,” ती म्हणाली आणि रडली. अश्विनीही रडली.

“देवानं ऐकलं, काकी.”

“होय बाय. देवानच.”

अश्विनी नारळ घेऊन थेट देवळात गेली. दुसरा बोगदा आता होणार होता. कुणाला दुखवावंही लागलं नव्हतं. असं सुख तिला कधी झालं नव्हतं.

“देव पावला, काका!”

कृष्णनाथांनी नारळाला हात लावला नाही.

“पाकळी डावी पडली, बाय,” ते म्हणाले. “मी सांगूक भायर येय होतंय, तर प्रभावतीन माझो हात धरल्यान. म्हणाली, ‘त्या चेडवान कौल मागल्यान तेव्हाच समाजला माका, गवे माझ्या दिव्याक भितत. तू उजवी सांग. आंगवण मोडल्याचा पाप माझ्या माथ्यार.’”