शहामृगाचं पीस

"वन्सं, डॉक्टरला बोलवा. डावा हात जड झालाय. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय," डोरकस कोचावरून म्हणाली.

नणंद ऑगस्टा हातातली पानं लावत होती. "वाफा असतील," ती म्हणाली.

इंग्लंडातल्या बाथ शहरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. बायकांच्या पोटातून वाफा उठतात, डोक्यात चढतात. मग त्या थरथरतात, हुंदके देतात आणि नेमक्या पाहुणे आले की आडव्या होतात. डोरकसचा नवरा जोसाया म्हणाला, मागच्या खेपेला डॉक्टर दारात आला आणि बाईसाहेब उठून चहा ओतायला लागल्या. पाहुणा कॅप्टन ट्रेंचर्ड मनापासून हसला. हुकूम बदामचा होता आणि जोसायाच्या हातात पानं चांगली आली होती. डॉक्टर आला असता तर डाव मोडावा लागला असता.

डोरकस कोचावरून घसरून खाली पडली.

यावरचा उपाय घराघरात ठरलेला. पीस जाळायचं आणि नाकाखाली धरायचं. मोलकरणीनं कोंबडीची पिसं आणली. घाण सुटली, कॅप्टननं नाकाला रुमाल लावला, डोरकस हलली नाही. मग उशीतली मऊ पिसं जाळली.

"कोंबड्या-बदकांना दाद देणारी नाही ती," म्हणत ऑगस्टा वर गेली आणि डोरकसची काळी मखमली टोपी घेऊन आली. टोपीवर पांढरंशुभ्र शहामृगाचं पीस होतं. त्यासाठी डोरकसनं नवऱ्याची दोन हिवाळे मनधरणी केली होती. टोपी अजून घराबाहेर पडली नव्हती.

ते महागाचं आहे, असं काहीसं जोसाया पुटपुटला.

"म्हणूनच रे. जळू देईल का ती? बघच तू." ऑगस्टानं टोपीवरून पीस उपटलं आणि पेटवलं.

पत्ते पालथे घालून सगळे भोवती जमले. अर्धं जळायच्या आत उठेल, असं कॅप्टनचं मत पडलं.

पीस टोकाकडून जळत आलं. अर्धं झालं. देठाशी आलं. बोट भाजलं तेव्हाच ऑगस्टानं ते सोडलं.

"डोरकस, पुरे आता," जोसाया म्हणाला. त्यानं तिचा हात उचलला. सोडला, तसा तो खाली पडला.

ऑगस्टानं भाजलेलं बोट तोंडात धरलं, टोपीवरची राख फुंकली. मग आरशासमोर जाऊन तिनं टोपी डोक्यावर चढवली आणि जराशी तिरकी केली.

"पीस नाही तेच बरं," ती म्हणाली. "दुखवट्याला चालेल."