वाट पाहणारा प्रोग्रॅम

प्रोग्रॅम पुन्हा अडकला. ना पुढे सरकत होता, ना चूक दाखवत होता. आईने चष्मा कपाळावर सरकवला आणि ऑफिसचा फोन स्पीकरवर टाकला.

लेक दारात उभी होती. सकाळी सासरहून एकटीच आली होती, न कळवता, एक पिशवी घेऊन. नवऱ्याचा फोन आला की कापून टाकत होती.

"आई, बोलायचं होतं गं."

"एवढं संपू दे. मग निवांत ऐकते, अगदी पहिल्यापासून."

"सापडलं, मॅडम," फोनवरून सहकारी म्हणाला. "चाइल्ड अडकलाय."

"कुणाचं पोर अडकलं?" लेकीने विचारलं.

"प्रोग्रॅमचं!" आई हसली. "एक प्रोग्रॅम दुसऱ्याला कामाला लावतो. त्या दुसऱ्याला चाइल्ड म्हणतात."

"आणि आपला शहाणा मुख्य प्रोग्रॅम त्याला सांगतोय, आधी तू संपव, मग मी तुझं वाचतो," सहकारी म्हणाला. "पण दोघांमधला निरोपांचा पाइप भरलाय. कुणी वाचल्याशिवाय त्याला पुढचं लिहिता येत नाही, मग संपवणार कसं? बसलेत दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत."

"अरे, पण इतके दिवस चालत होतं की."

"इतके दिवस त्याच्याकडे सांगण्यासारखं थोडंच होतं. मावत होतं."

आईने दोन ओळींची अदलाबदल केली. आधी वाचायचं, मग संपायची वाट बघायची. पडद्यावर ओळी भराभर धावू लागल्या. शेवटची ओळ उमटेपर्यंत, चांगला तासभर, ती बघत राहिली.

वळली तेव्हा दारात कुणी नव्हतं. लेक बाहेरच्या खोलीत चपला घालत होती. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"अगं, निघालीस कुठे? बोल ना. आता मोकळी झाले मी."

"न्यायला आलाय तो. मीच म्हटलं, ये."

"भांडलात का?"

"राहू दे." लेकीने पिशवी खांद्याला लावली. "जाते मी."

"जाते म्हणू नये गं," आई सवयीने म्हणाली. "येते म्हणावं."

लेक उंबऱ्यात थांबली. अनोळखी गावात पत्ता विचारावा, इतक्या साध्या आवाजात तिने विचारलं,

"कुठे येऊ?"