जोडीचा सराव

शिक्षकांच्या कार्यशाळेत प्रशिक्षकबाईंनी जोड्या पाडल्या आणि गणिताच्या बाईंच्या वाट्याला नेमके खेळाचे सर आले. विषय होता मुलांचं मानसिक आरोग्य. एकाने शिक्षक व्हायचं, दुसऱ्याने आतून खचलेला विद्यार्थी. वेळ पाच मिनिटं.

"मी विद्यार्थी," सर म्हणाले. "नववीत. तीनदा नापास, मिशासुद्धा फुटल्यात."

आजूबाजूला हशा पिकला. बाईंनाही हसू आवरेना. सर शिक्षकांच्या खोलीत शिरत तेच मुळी कुणाची तरी नक्कल करत.

बाईंनी वाटलेल्या कागदावरचा पहिला प्रश्न वाचला. "झोप लागते का रे तुला?"

"लागते की. पण पहाटे तीनला डोळे उघडतात, ते उघडतातच."

"घरी कुणाशी बोलतोस?"

"दिवसभर सगळ्यांना हसवतो ना बाई, मग घरी गेलं की शब्दच फुटत नाही. बायको विचारते, काय झालं? मी म्हणतो, कुठं काय."

बाईंनी चमकून मान वर केली. नववीतल्या पोराला बायको? सर स्वतःच्या बुटांकडे बघत होते. चेहऱ्यावर हसू होतं, पण कुणीतरी तिथं ठेवून विसरून गेल्यासारखं.

बाईंचा गोंधळ उडाला. ही थट्टा, की खरंच? हसावं तरी पंचाईत. आणि काळजीने विचारावं, तर "कशी फिरकी घेतली!" म्हणून सर वर्षभर त्यांचीच नक्कल करणार.

तेवढ्यात प्रशिक्षकबाई जवळ आल्या. "वा सर! काय हुबेहूब वठवलंत!"

टाळ्या पडल्या. सर उठून कमरेत वाकले आणि परत बसले.

"आता अदलाबदल करा," म्हणत प्रशिक्षकबाई पुढे गेल्या.

बाईंनी कागदाची घडी करून पर्समध्ये कोंबली.

"मला नाही विद्यार्थी व्हायचं," त्या हळूच म्हणाल्या. "सर, ती बायको कुणाची?"

सरांनी तोंड उघडलं. आता काहीतरी विनोद येणार म्हणून बाई थांबल्या. तो आला नाही.

चहाची वेळ झाली. खुर्च्या सरकल्या, बघता बघता हॉल रिकामा झाला.

"चला बाई, चहा गार होईल," सर म्हणाले. पण जागचे हलले नाहीत.

"हो ना," बाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या.