भित्रा वीबे

आठ वर्षांचा असताना कालव्यावरचा बर्फ फुटून मी पाण्यात गेलो आणि डुर्कदादाने मला ओढून काढलं, असं अख्खं गाव सांगतं. त्याच पुण्याईवर दादा स्केटिंग मंडळाचा अध्यक्ष झाला. माझ्या वाट्याला आलं 'भित्रा वीबे' हे नाव. चाळीस वर्षं मी बर्फावर पाय ठेवला नाही.

समुपदेशक हिस्केबाई म्हणाल्या, "गोष्टच बदला. 'माझा मीच वर आलो' असं म्हणा. खोटं का असेना, पाय तर हलतील!"

हलले की! काल स्केटिंग शिकणाऱ्या बारक्या पोरांसारखी स्वयंपाकघरातली खुर्ची आधाराला पुढे ढकलत मी कालव्यावर उतरलो आणि गावादेखत बोंबललो, "दादा, तेव्हा माझा मीच वर आलो होतो!"



दादा पांढराफटक पडला. "हळू बोल, गाढवा! तुला कधी आठवलं?"