जुन्या सिग्नलचा शेवटचा टॉवर

सकाळी साडेदहाला टॉवरशी चार यंत्रे जोडलेली होती: दोन पाणीमीटर, एक लिफ्ट आणि मनोहर पाठारे यांचा पेसमेकर. यादी घेऊन तंत्रज्ञ मुजावर त्यांच्या घरी आला. अकराला मुख्य केंद्रातून जुनी सेवा बंद होणार होती.

"गुरुवारी यांचा पेसमेकर बदलायचाय. तीन दिवस थांबवा," त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई म्हणाल्या.

"सकाळपासून सांगतोय मॅडम, वर कुणी ऐकत नाही. पण सिग्नल गेला म्हणून यंत्रानं बंद का पडावं? हा नियम लिहिणारा भेटू दे, कानाखालीच देतो."

"द्या. मीच लिहिलाय."

मोबाइल इंटरनेटचे पहिले मानक ठरवणाऱ्या समितीत त्या होत्या. अर्धा तास सिग्नल मिळाला नाही, तर यंत्राने बंद व्हावे. म्हणजे फोनची बॅटरी वाचेल, असे ते कलम होते. पुढे कंपन्यांनी स्वस्त म्हणून तेच मानक पेसमेकरमध्ये घातले.

"दोन तास तरी लिहायचेस गं," मनोहरराव पलंगावरून म्हणाले.

घाटाखालून निघालेली रुग्णवाहिका बारानंतर पोहोचणार होती. अकराला सिग्नल गेला.

अकरा एकतीसला सुहासिनीबाईंनी त्यांचे मनगट धरले आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. ठोके बावीस होते.