पोकलेनचा मालक

"मालक शोधून आणा, नाहीतर सोमवारी जप्त केलेलं पोकलेन सोडून देतो," न्यायाधीशांनी बजावलं होतं. सरकारी वकीलबाई न्तिवाच्या डोक्यात तेच घोळत होतं. अफ्राकोमा नावाच्या बाईचा नवरा गेला होता, तिच्या अंगणात न्तिवा काळ्या-लाल कपड्यांत शोकाला बसली होती, तरी लक्ष सोमवारवर होतं.

नवा कायदा कडक होता. नदीत चोरून सोनं खणणाऱ्या मालकाला थेट तुरुंग. पण मालक सापडेल तर ना! माणसं कामावर ठेवायचा मुकादम, आणि तो फरार. मालकाचं तोंड कोणीच पाहिलेलं नव्हतं. नदीचं पाणी दुधाच्या चहासारखं झालं होतं. बायका टँकरपुढे भांडत होत्या आणि पोकलेन ठाण्याच्या आवारात बेवारशी उभं होतं.

ते चालवणारा बोआडी तर जप्तीआधीच खड्डा ढासळून गाडला गेला होता. देह सापडला नाही, म्हणून शवपेटीत त्याचे कपडेच ठेवले होते.

न्तिवाला त्याच्या बायकोचं, अफ्राकोमाचं, फार कौतुक वाटलं. बाई मोठी खंबीर. कांदे चिरता चिरता डोळे पुसत होती, आल्यागेल्याकडे बघत होती. गेलेल्याच्या वाटचं ताटही तिने स्वतःच वाढलं. कुटलेल्या कंदाचा गोळा म्हणजे फुफू, सूप आणि वर सढळ हाताने मिरची.

"एवढं तिखट?" न्तिवाने विचारलं.

"त्यांना लागतं हो." ती ताट मागच्या खोलीत ठेवून आली.

तेवढ्यात दोन्कोर आला. कोकोचा बडा व्यापारी. चर्चला पंखे देणारा, शाळेत 'नदी वाचवा' म्हणून भाषण ठोकणारा. हातात जिन दारूची बाटली.

गावप्रमुखांच्या वतीने बोलणाऱ्या म्हाताऱ्या ओसाईने त्याला पाणी दिलं. ते प्यायल्यावर येण्याचं कारण सांगावंच लागतं.

"शोकाला आलोय," दोन्कोर पुटपुटला.

"शोकाला तर सगळेच आलेत, शेठ. तुमचा त्याचा संबंध काय? ऐकतोय तो. कामावर मेलेला माणूस मालकाने मोकळा करेपर्यंत त्याच्याच दारी कामाला येत राहतो. तुम्हाला का वेगळं सांगायला हवं?"

दोन्कोरला दरदरून घाम फुटला. कायद्याला न भ्यालेला माणूस शवपेटीपुढे गुडघ्यावर आला. त्याने मेलेल्याच्या नावाने जिन जमिनीवर ओतली.

"बोआडी, पोकलेन माझं. खड्डाही माझाच. जा बाबा, मोकळा केला तुला. माझ्या दारी येऊ नकोस."

 मग न्तिवाबरोबर शोकाच्या कपड्यांत आलेले दोन पोलीस उठले.

"भर शोकात धरता? लाज नाही वाटत?" दोन्कोर ओरडला.

"नदीला विचारा, शेठ," ओसाई म्हणाला.

त्याला नेल्यावर न्तिवाला भरून आलं. तिने अफ्राकोमाचा हात धरला. "आज तुझा नवरा साक्षीला असता, तर केस दगडासारखी पक्की झाली असती गं."

मागच्या खोलीचं दार किलकिलं झालं. चाटूनपुसून लख्ख केलेलं ताट बाहेर सरकलं.

"अगं, सूप उरलंय का थोडं?" आतून बोआडीचा आवाज आला. "आणि वकीलबाईंना विचार, कोर्टात कधी यायचं?"